नेम आणि ढील

अभ्यागत प्राध्यापक म्हणून लखनौला आलो, तेव्हा सामानात पुस्तकांच्या दोन पेट्या आणि एक गोल, जड फलक होता. अतिथिगृहाच्या रखवालदाराने तो न्याहाळून विचारले, ‘साहब, ये घड़ी है क्या?’ वीस आकड्यांचे घड्याळ त्याने पूर्वी पाहिले नसावे. तो फलक डार्ट्स या इंग्रजी खेळाचा होता. पीएच.डी.च्या निमित्ताने इंग्लंडात काढलेल्या एका हिवाळ्यात, तेथील एका मद्यगृहाच्या कोपऱ्यात मी तो खेळ शिकलो. मद्याची गोडी लागली नाही. खेळाची लागली ती आजतागायत टिकली आहे.

खेळ दिसायला पोरकट आहे. भिंतीवरील फलकाचा मध्यबिंदू जमिनीपासून ५ फूट ८ इंच उंच, खेळणाऱ्याची रेषा फलकापासून ७ फूट सव्वानऊ इंच दूर, आणि हाती तीन लहान बाण. ५०१ मधून गुण वजा करीत नेमके शून्यावर यायचे, आणि शेवटचा बाण दुपटीच्या कड्यात किंवा अगदी मध्यबिंदूत लागला पाहिजे. फलक घायपाताच्या तंतूंचा असतो. बाण उपसला की तंतू पुन्हा मिटतात. आकड्यांची मांडणी मात्र मनुष्यस्वभाव ओळखून केलेली आहे. सर्वांत वर २०, त्याच्या एका अंगाला ५ आणि दुसऱ्या अंगाला १. मोठ्या आकड्याच्या लोभाने नेम धरावा आणि हात किंचित ढळावा, की पदरी एक.

याचे तंत्र थोडके आहे. भार पुढच्या पायावर असावा, कोपर हलू नये, बाण चिमटीत फुलाचा देठ धरावा तितक्याच जोराने धरावा. हात गालापर्यंत मागे यावा, पुढे जावा, आणि बाण सुटल्यानंतरही क्षणभर लक्ष्याकडे पसरलेला राहावा. ज्याला फळ पाहण्याची घाई असते त्याचा हात लवकर खाली येतो, आणि नेम तेथेच बिघडतो. हे सारे माझ्या अंगवळणी पडले होते. लखनौला आल्यावर महिन्याभरातच ते मोडले. हात मागे येई, पुढे जाई, परंतु बोटे बाण सोडीत नसत. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तेच. शेवटी कसाबसा फेकलेला बाण भिंतीवर आदळे.

या विकाराला इंग्रजीत ‘डार्टायटिस’ असे अर्धे थट्टेचे नाव आहे. १९८० ते १९८६ या काळात पाच वेळा जगज्जेता ठरलेल्या एरिक ब्रिस्टो या खेळाडूला तो जडला. पुढेही तो अनेकदा अंतिम सामन्यापर्यंत पोचला, परंतु जगज्जेतेपद त्याला पुन्हा लाभले नाही. ज्याला नेम साधत नाही त्याला हा विकार होतोच असे नाही. ज्याला तो उत्तम साधतो त्यालाही होतो, यातच त्याचे दुःख आहे.

मला मात्र या अडण्याची ओळख फार जुनी होती. वयाच्या सहाव्या वर्षापासून मी तोतरा बोलत असे, आणि ‘म’ या अक्षरापाशी तर ओठ मिटत ते उघडतच नसत. शब्द आत तयार असे, अर्थ ठाऊक असे. सुटत तेवढा नसे. अशा वेळी आई गप्प बसून वाट पाही. वडिलांना माझे हाल बघवत नसत; ते चटकन माझा शब्द पुरा करून टाकीत. त्यात माया होती, हे आज कळते. तेव्हा मात्र प्रत्येक वेळी काहीतरी हिरावले गेल्यासारखे वाटे. कॉलेजात गेल्यावर हे तोतरेपण ओसरले, आणि अध्यापनाच्या धंद्यात मी ते विसरूनही गेलो. आता नोव्हेंबरात मला येथे हिंदीतून जाहीर व्याख्यान द्यायचे होते, आणि त्याच्या शीर्षकाचा पहिलाच शब्द होता ‘मराठी’. बोटे कशाने आखडली, हे समजायला मला फार विचार करावा लागला नाही.

सवयीप्रमाणे मी ग्रंथांकडे वळलो. द्रोणाचार्यांच्या परीक्षेची कथा आपण सारेच सांगतो. लोककथेतील अर्जुनाला पक्ष्याचा डोळा दिसतो. आदिपर्वातील अर्जुन मस्तक दिसते असे म्हणतो. परंतु दोन्हींकडे आपले लक्ष दिसण्यावरच खिळते. द्रोणांनी ‘सोड’ म्हणताच अर्जुनाने काही विचार न करता बाण सोडला, हे महाभारतकारांनी मुद्दाम नोंदवले आहे, ते आपण विसरतो. एकाग्रता ही अर्धीच विद्या. उरलेली अर्धी बोटांची आहे.

जर्मन तत्त्वज्ञ ऑयगेन हेरिगेल १९२४ ते १९२९ या काळात जपानात अध्यापन करीत असताना आवा केन्झो यांच्याकडे धनुर्विद्या शिकला, आणि १९४८ साली त्याने त्यावर प्रसिद्ध पुस्तक लिहिले. त्याचीही अडचण प्रत्यंचा सोडण्याचीच होती. एके दिवशी बाण आपोआप सुटला, आणि ‘त्या’ने तो सोडला असे गुरू म्हणाले, अशी त्याची साक्ष. यामादा शोजी या अभ्यासकाने २००१ मध्ये दाखवले की, हे गूढ वाक्य बहुधा भाषांतरातील गैरसमजातून जन्मले. गुरू ‘हेच ते’ एवढेच म्हणाले असावेत. तुलनात्मक साहित्याचा अभ्यासक म्हणून मला याचा आनंद झाला. बोटांना मात्र त्याचा काही उपयोग झाला नाही.

उपयोग झाला तो गच्चीवर. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी लखनौत ‘जमघट’ असतो. सारे शहर पतंग उडवते. चौक भागातील एका वृद्ध गृहस्थांनी मला बोलावले होते. त्यांनी डोर माझ्या हाती दिली, आणि थोड्याच वेळात शेजारच्या गच्चीवरील पतंगाशी पेच लागला. मी घाबरून डोर आवळली. ते अदबीने म्हणाले, ‘प्रोफ़ेसर साहब, अब खींचिए मत, ढील दीजिए.’ ओढूनही पेच जिंकता येतो, पण घाबरलेल्या हाताने नव्हे. मी मूठ सैल केली. बोटांतून सरसरत जाणारी डोर मला कितीतरी दिवसांनी मोकळी वाटली. पतंग कटला तो माझाच. वृद्ध गृहस्थ म्हणाले, ‘कटी तो कटी, ढील आपने ठीक दी.’ ढील देणे हा आपल्या मराठीतलाही प्रयोग, पण आपण तो बहुधा लाडावलेल्या मुलाबद्दल, तक्रारीच्या सुरात वापरतो. ढील देणे हे कौशल्य असू शकते, हे मला लखनौच्या गच्चीवर कळले.

व्याख्यानाच्या दिवशी ‘म’ अडलाच. ओठ मिटले. पूर्वी मी अशा वेळी श्वासाचा सारा जोर ओठांवर घालीत असे. या वेळी जोर केला नाही. अडलेल्या अक्षराला अडू दिले. पहिल्या रांगेतील एका श्रोत्याचे ओठ माझ्यासाठी तो शब्द उच्चारू लागलेले दिसले, आणि मला वडील आठवले. या वेळी राग आला नाही. दोन तुकड्यांत का होईना, शब्द माझ्याच तोंडून बाहेर पडला. पुढील तासाभरात मी सहा-सात वेळा अडलो, आणि व्याख्यान पूर्ण झाले.

त्या रात्री अतिथिगृहात परतून मी तीन बाण फेकले. पहिला ५ वर लागला, दुसरा १ वर. तिसरा सुटला, आणि तो कोठे लागला हे पाहण्याआधी मी आपल्या हाताकडे पाहिले. तो अजून पुढेच पसरलेला होता.