तीन रुपयांची गोष्ट

आठवीत असताना मी शाळा सोडून यंत्रमागावर जायचं ठरवलं होतं. मोहल्ल्यातली निम्मी पोरं तेच करत होती. अम्मीला अक्षरओळख नव्हती. ती एवढंच म्हणाली, "आज जेवढं कमवशील, म्हातारपणीही तेवढंच कमवशील. जा, दप्तर उचल."

पुढे कित्येक वर्षांनी कादर खान यांची मुलाखत ऐकली आणि चमकलो. काबूलहून आलेलं, कामाठीपुऱ्यात वाढलेलं हे पोरही तीन रुपये रोजावर कारखान्यात निघालं होतं. त्यांच्याही आईनं अडवलं होतं. हे तीन रुपये जन्मभर तीनच राहतील, गरिबी घालवायची तर शिक, असं बजावलं होतं. ते शिकले आणि भायखळ्याच्या साबू सिद्दीक कॉलेजात सिव्हिल इंजिनिअरिंग शिकवू लागले. तिथलंच नाटक पाहून दिलीपकुमारांनी त्यांना सिनेमात आणलं.

'रोटी' (१९७४), 'अमर अकबर अँथनी' (१९७७), 'मुकद्दर का सिकंदर' (१९७८) यांचे संवाद त्यांचे. लहानपणी रात्री कब्रस्तानात जाऊन ते एकटेच मोठमोठ्याने बोलत. 'मुकद्दर'मध्ये आईच्या कबरीपाशी रडणाऱ्या पोराला धीर देणारा फकीर त्यांनी स्वतःच रंगवला. तो प्रसंग आला की अम्मी पदर डोळ्यांना लावायची.

ऐंशीच्या दशकात 'हिम्मतवाला' (१९८३), 'तोहफा' (१९८४) असे मद्रासकडच्या निर्मात्यांचे घरगुती सिनेमे त्यांच्या संवादांवर चालले. भाड्याचा व्हीसीआर आणून सारा मोहल्ला ते एकत्र पाहायचा. काही विनोद आले की अब्बा खाकरून उठून जात. अब्बांचं चुकत नव्हतं. त्या विनोदांत बाईमाणसाची चेष्टा फार होती. पण हमाल, फेरीवाला, रिक्षावाला यांची बोली पडद्यावर मानाने बोलली गेली, हेही तितकंच खरं. आमच्या घरची भाषा अशुद्ध म्हणून शाळेत हसणारे त्याच बोलीवर टाळ्या वाजवत होते!

३१ डिसेंबर २०१८ ला कॅनडात त्यांचं निधन झालं. पद्मश्री मिळाली ती नंतर, २०१९ साली. बातमी मी अम्मीला वाचून दाखवली. ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "त्यांच्या आईचं नाव लिहिलंय का त्यात?"

नव्हतं लिहिलेलं. माझ्या पदवीच्या कागदावरही अम्मीचं नाव नाही.