आरतीच्या पानावरची जाहिरात

४ सप्टेंबर २०२४, बुधवार
गणपती तीन दिवसांवर. मंडळाच्या साइटवर एरवी चिटपाखरू फिरकत नाही, पण या आठवड्यात आरतीसंग्रह आणि उकडीचे मोदक या दोन पानांवर झुंबड असते. जाहिरातींचे चार पैसे मिळतात ते आत्ताच. सर्व्हरचं भाडं त्यातूनच सुटतं, त्यामुळे खजिनदार खूश.

६ सप्टेंबर, शुक्रवार, हरतालिका
दुपारी डोंबिवलीच्या एका काकूंचा फोन आला, तोही शेजारणीच्या मोबाइलवरून. "अहो, तुमची आरती उघडली, जरा खाली सरकवली तर फोन थरथरायलाच लागला. 'मोबाइलमध्ये चार व्हायरस' म्हणतोय. मागे जायचं बटण दाबतेय तर पुन्हा तिथंच. उद्या गुरुजी यायचेत, मी काय करू?"

म्हटलं, काकू, आता त्या पडद्यावर काहीही दाबू नका. फोन व्हायरसमुळे थरथरत नव्हता. अँड्रॉइडच्या ब्राउझरमध्ये उघडलेलं पानही फोन थरथरवू शकतं, आणि मागे जायचा रस्ताही अडवू शकतं. ब्राउझरच बंद करायला लावला. डाउनलोडमध्ये 'क्लीनर' नावाची एपीके, म्हणजे अ‍ॅप बसवायची फाइल, उतरली होती. इन्स्टॉल केलेली नव्हती म्हणून निभावलं. पुसून टाकायला सांगितली.

मग मी तेच पान माझ्या फोनवर उघडलं, लॅपटॉपवर उघडलं. दोन्हीकडे मिक्सरची सोज्वळ जाहिरात.

७ सप्टेंबर, गणेश चतुर्थी
पूजा, नैवेद्य. संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तशाच आणखी तक्रारी. अध्यक्षांना वाटतंय साइट हॅक झाली. नाही झाली. आमच्या पानावर आमच्या हातचं नसलेलं एवढं एकच आहे: जाहिरातीचा चौकोन. पान उघडता उघडता, सेकंदाच्या दहाव्या हिश्शात, त्या चौकोनाचा लिलाव होतो. आम्ही जागा एका कंपनीला दिलेली, ती पुढे दुसऱ्याला विकते, तो तिसऱ्याला. या दलालांच्या साखळीत एखादा भामटा पैसे मोजून शिरतो. त्याची जाहिरात आधी गिऱ्हाईक पारखते. समोर फोन आहे की संगणक, मोबाइल डेटा आहे की कचेरीचं नेटवर्क, याला आधी एकदा दाखवलं आहे का. तपासणारा माणूस वाटला की मिक्सर.

८ सप्टेंबर, ऋषिपंचमी
हे सगळं सुट्टीच्या तोंडावर का होतं, याचं उत्तर जुनं आहे. न्यूयॉर्क टाइम्सच्या साइटवर सप्टेंबर २००९ मध्ये हाच प्रकार झाला. व्होनेज या इंटरनेट टेलिफोन कंपनीचं नाव सांगून कोणीतरी जागा घेतली. आधी जाहिराती अगदी सरळ दाखवल्या, आणि शनिवार-रविवार येताच तिथं 'तुमच्या संगणकात व्हायरस' असा खोटा पडदा टाकून बनावट अँटीव्हायरस गळ्यात मारायला सुरुवात केली. सुट्टीच्या दिवशी कचेरीत लक्ष ठेवायला माणसं कमी, हे भामट्यांना पक्कं ठाऊक.

अध्यक्ष म्हणाले, "एवढ्या मोठ्यांचं असं होतं, तिथं आपली काय कथा!" मला हे पटत नाही. काकू जाहिरात कंपनीला ओळखत नाहीत. त्या मंडळाचं नाव बघून आल्या होत्या.

९ सप्टेंबर, सोमवार
जाहिरात कंपनीचं उत्तर आलं: जाहिरातीचा क्रमांक, नेमकी वेळ आणि स्क्रीनशॉट पाठवा. थरथरत्या फोनचा स्क्रीनशॉट काकूंनी घ्यायचा!

रात्री बैठक. कंपनीचा कोड काढून टाकू म्हटल्यावर खजिनदारांचा चेहरा पडला. हंगामाची कमाई जाणार, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. त्यात कोणीतरी सांगितलं की डिसेंबर २०२२ मध्ये खुद्द एफबीआयनेच लोकांना नेटवर शोधताना अ‍ॅडब्लॉकर वापरायचा सल्ला दिला होता. खजिनदार म्हणाले, "मग आपण दुकानच बंद करू." अखेर ठरलं: कोड आजच काढायचा. जागा ओळखीच्या दुकानदारांना द्यायची, आणि तीही नुसत्या चित्राला. चित्र आमच्याच सर्व्हरवर राहील, बाहेरच्या कोणाचा कोड पानात शिरणार नाही. पहिलं गिऱ्हाईक दादरचे एक लोणचीवाले. पैसे कमी देणार, पण रोख.

११ सप्टेंबर, गौरीपूजन
पुन्हा काकू. आता म्हणे दर थोड्या वेळानं फोनवर 'तुमचं बँक खातं बंद होणार' असं येतं. उलगडा लगेच झाला: त्या पडद्यानं 'तुम्ही रोबोट नाही ना, मग अलाऊ दाबा' म्हटलं होतं, आणि फोन करण्याआधी काकूंनी ते दाबलं होतं. ती नोटिफिकेशनची परवानगी होती. टॅब गेला तरी परवानगी राहतेच.

फोनवरूनच वाट दाखवली. क्रोम, तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. परवानगी दिलेल्यांच्या यादीत एक चमत्कारिक नाव होतं. काकूंनी एकेक अक्षर वाचून दाखवलं, अर्ध्यात शून्य आणि सात. म्हटलं, हेच, काढा. "गेलं हो!" मग पुरणाचं ताट वाढायला गेल्या.

१७ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी
आज आरतीच्या पानावर सूचना लावली, ती इथंही उतरवून ठेवतो.

आमच्या साइटवर फोन थरथरला, व्हायरसचा इशारा आला किंवा आपोआप काही डाउनलोड झालं, तर काही न दाबता ब्राउझर बंद करा आणि आम्हाला वेळ व फोनचं मॉडेल कळवा. आम्हाला ते दिसत नाही, तुम्हालाच दिसतं. उतरलेली एपीके इन्स्टॉल करू नका. पैसे गेले असतील तर आमच्या उत्तराची वाट न पाहता तत्काळ १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.