गंजिफा आणि पडद्याचे आवर्तन

सावंतवाडीच्या राजवाड्यात रंगवली जाणारी दशावतारी गंजिफा हातात घेतली की आम्हाला खेळापेक्षा डोळ्यांचे कोडे अधिक पडते. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पाने, म्हणजे एकूण १२०. मुरलेला खेळाडू निमिषात अवतार ओळखतो. हे निमिष केवढे, ते मोजावे असे आमच्यासारख्या साहित्याच्या अध्यापकांच्या मनात आले. हाताने रंगवलेला संचच खिशाला जड. त्यापुढे मोजमापासाठी काही विकत घेणे शक्य नव्हते.

दृष्टिविज्ञानात अशा प्रयोगांसाठी पूर्वी खास बनावटीची महाग उपकरणे लागत. १९९७ मध्ये ब्रेनार्ड आणि पेली यांनी ‘सायकोफिजिक्स टूलबॉक्स’ जगापुढे मांडला. तो विनामूल्य होता, पण ज्या मॅटलॅबवर चाले ते विकतचे. (घर फुकट, उंबरठ्याचे भाडे!) पुढे नॉटिंगहॅमच्या जोनाथन पीर्स यांचे ‘सायकोपाय’ आले, त्यावरील त्यांचा लेख २००७चा. हे पायथनवर चालते, त्यामुळे उंबरठाही फुकट. शिवाय पानाच्या जागी अक्षर किंवा सरकते पट्टे दाखवायचे तर सारा प्रयोग नव्याने लिहावा लागत नाही.

आम्ही पानांची छायाचित्रे घेतली. पान क्षणभर दाखवायचे आणि लगेच त्यावर विस्कटलेल्या रंगांचे चित्र आणायचे, नाहीतर पान डोळ्यांत रेंगाळते. घरातली माणसे बसवली. आते मात्र वैतागली: “पान हातात दी, मगे सांगतंय.” आम्ही हसलो, आणि वहीत मोठ्या तोऱ्यात लिहिले की वीस व तीस मिलिसेकंदांत डोळ्याला काहीच फरक पडत नाही.

पुढे नोंदी पाहिल्या. लॅपटॉपचा पडदा सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो. म्हणजे एक आवर्तन सुमारे १६.७ मिलिसेकंदांचे, आणि त्याच्या पटीतच काय ते दाखवता येते. वीस मागितले तेव्हाही दोन आवर्तने मिळाली, तीस मागितले तेव्हाही दोनच. दोन्ही वेळा पान तेहतीस मिलिसेकंद दिसले होते. डोळ्याविषयीचा आमचा शोध पडद्याविषयीचा निघाला. पाठाचा दोष कवीच्या माथी मारणाऱ्या टीकाकारांना आम्ही वर्गात किती हसलो आहोत!

सॉफ्टवेअरने काही लपवले नव्हते. नोंदी होत्याच, आम्ही त्या उशिरा वाचल्या. ते पान वहीतून फाडलेले नाही, त्यावर तिरकी रेघ मारली आहे. आता कालावधी आवर्तनांतच मागतो: एक, दोन, तीन. आते पुन्हा पडद्यासमोर बसायला तयार नाही.