पाणी परठवताना



लग्न होऊन बोदवडला आले तेव्हा सासूबाईंनी पहिलं शिकवलं ते पाणी गाळणं. गाळणं दुहेरी हवं. गाळून झालं की ते उलटं धरून वरून गाळलेलंच पाणी सोडायचं आणि जिवाणी जिथल्या पाण्याची तिथंच पोचवायची, विहिरीची विहिरीत. उन्हाळ्यात टँकरची वाट बघायचो तेव्हाही त्यांनी हा नियम मोडला नाही.

घरात येणाऱ्या पाण्याची एवढी काळजी. घरातून जाणाऱ्या पाण्याचा विचार मात्र मी पंचवीस वर्षांत केला नव्हता. मोरीतून गटारात, गटारातून नाल्यात, झालं.

मागच्या वर्षी पुण्याला लेकीकडे गेले. तिच्या सोसायटीत तळघरात सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा आहे. सगळे एसटीपी म्हणतात. नाक धरूनच खाली गेले, पण वास बेताचाच होता. आधी जाळीत कचरा अडकतो, मग मोठ्या टाकीत खालून सतत हवा सोडतात. त्या हवेवर जिवाणू जगतात आणि घाण खाऊन टाकतात. पुढे गाळ तळाला बसतो, वरचं पाणी वाळूतून गाळून बागेला आणि फ्लशला. शेवटी क्लोरीन घालतात. ते मला खटकलं, खोटं कशाला बोलू.

तिथला मुलगा म्हणाला, "काकू, बायकांना सांगा, संडासात ॲसिड ओतू नका. टाकीतले जीव मरतात, मग पाणी साफ होत नाही." मी बघतच राहिले. आमच्या घरी दर रविवारी ॲसिडची बाटली रिकामी होते!

त्यानंच समजावलं. हीच घाण नदीत गेली तर तिथले जिवाणूही ती खातात, पण त्यासाठी पाण्यातला प्राणवायू वापरतात. तो संपला की मासे गुदमरतात. घरच्या सांडपाण्यातली घाण मोजली तर लिटरमागे दोन-तीनशे मिलिग्रॅम प्राणवायू खाईल एवढी असते. नदीत सोडताना ती ठरलेल्या मर्यादेच्या आत हवी, असा नियम आहे. म्हणजे नदीच्या वाटचं काम टाकीत उरकून घ्यायचं, एवढंच.

परतताना गाडीत पाचवी समिती आठवली, परिष्ठापनिका. टाकायची वस्तू जीवजंतू नसलेली जागा बघून, जपून परठवायची. प्रतिक्रमणात तिचं नाव घेतो, पण ती महाराज साहेबांसाठी, असंच मी धरून चालले होते. साचलेल्या ओल्या घाणीत संमूर्च्छिम जीव उपजतात हेही लहानपणापासून ऐकलेलं. आणि माझ्याच दारासमोर गटार तुंबलेलं! आपल्याकडचा उतार तापीच्या खोऱ्याचा. तापीचं पाणी पार सुरतेपर्यंत पितात, आणि सुरतेला निम्म्या जणींचं माहेर नाहीतर लेकीचं सासर.

पुण्यासारखी यंत्रणा एका घराला कुठून परवडणार? पण नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघरी शोषखड्डे करून गटारं बंद केली, हे वाचलं होतं. हे म्हणाले, "खोदण्यातही हिंसा आहेच." आहेच. पण एकदा खोदणं वेगळं आणि रोज उठून घाण सोडणं वेगळं, असं मला वाटलं. खड्डा बोअरपासून लांब घेतला. मध्ये भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगडगोटे. आपली काळी माती पाणी लवकर पीत नाही, म्हणून मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागलं. मोरीचं आणि भांड्यांचं पाणी आता त्यात जातं. खरकटं आधी जाळीत अडवते, नाहीतर तेलानं खड्डा बुजतो. (हे पहिल्या महिन्यातच कळलं.)

संडासाचं पाणी त्यात सोडायचं नसतं, ते सेप्टिक टाकीतच जातं. परवा टाकी उपसायला गाडी आली. मी विचारलं, "हे नेऊन ओतता कुठं?" माणूस नुसता हसला आणि पाइप गुंडाळायला लागला.