काय ठेवायचं, काय सोडायचं

‘हार्मोनियमवर सिनेमाची आणि व्हिडिओ गेमची गाणी कशी बसवतात, ते सर्वसामान्य वाचकाला कळेल असं लिहा,’ असं संपादकांनी सांगितलं. यातली वाचकाला कळण्याची अट मला अवघड वाटते. मुलुंडला मी गेली अनेक वर्षं पेटी शिकवते, गाणी बसवून देते, आणि नव्या पालकांकडून एकच प्रश्न हमखास येतो: ‘ताई, गाणं ऐकायचं आणि वाजवायचं, त्यात बसवायचं काय?’ प्रश्न भाबडा असतो, पण तो विचारून विचारून या कामाची किंमत शून्यावर आली आहे. कार्यक्रमपत्रिकेवर गायकाचं, संगीतकाराचं, अगदी निवेदकाचंही नाव असतं. तीस वादकांचं संगीत एका उजव्या हातात कुणी आणलं, ते मात्र कुठेच छापलेलं नसतं.

एका हातात म्हणजे अक्षरशः एका हातात. डावा हात भात्याला बांधलेला. उजव्या हाताची पाच बोटं आणि साधारण साडेतीन सप्तकं, एवढीच मालमत्ता. समोर मूळ ध्वनिमुद्रणात गायकाचा आवाज, व्हायोलिनांचा ताफा, बासरी, गिटार, बेस, ढोलक. हे सगळं वाजवता येणार नाही हे उघड आहे. म्हणून खरा प्रश्न पहिल्या दिवसापासून एकच असतो, काय सोडायचं.

पेटीच्याच कुळातलं अँग्लो कॉन्सर्टिना नावाचं छोटं षटकोनी वाद्य आहे. जर्मनीत केमनिट्झच्या कार्ल उलिग यांनी १८३४ मध्ये ज्या प्रकारची कॉन्सर्टिना बनवली, त्यातून इंग्लंडमध्ये हे वाद्य पुढे आलं. पेटीसारखंच तेही धातूच्या जिभांवर, म्हणजे मुक्त रीडवर वाजतं. पण त्यात एक बटण भाता दाबताना एक स्वर देतं आणि ओढताना दुसरा. त्यामुळे तिथे गाणं बसवणाऱ्याला प्रत्येक ओळ श्वासासारखी आत-बाहेर मांडून घ्यावी लागते. तिथलेही वादक सिनेमाचं आणि गेमचं संगीत बसवतात, आणि त्यांची अडचण ऐकली की मला ती आपलीच वाटते. त्यांना भात्याची दिशा नडते, आम्हाला भात्यात अडकलेला हात.

आता थोडं तांत्रिक. आपल्या पेटीत बाहेरचा भाता आणि आतला भाता असे दोन असतात. बाहेरचा हवा भरतो, आतला स्प्रिंगच्या दाबाने ती रीडला पुरवतो. आतला पूर्ण भरलेला असला की डावा हात काही क्षण मोकळा होतो. तेवढ्यात तो एक खर्जाचा स्वर दाबून परत भात्यावर येऊ शकतो. गाण्यात असे मोकळे क्षण कुठे कुठे मिळतील, हे मी आधीच वहीत मांडते. दोन रीडचे संच एकदम उघडले किंवा कपलर, म्हणजे एका पट्टीबरोबर सप्तकापलीकडचीही पट्टी दाबणारी सोय, लावला की हवा भराभर संपते, म्हणून ज्या ओळीत डावा हात काढायचा तिथे एकच संच. ऐकणाऱ्याला हे कधीच कळत नाही, आणि कळू नये असंच ते व्हायला हवं.

दुसरी अडचण मींडेची. पेटीवर एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, आणि सिनेमाचं गाणं तर मींडेवरच उभं असतं. त्यावर उपाय म्हणजे कण (शेजारच्या स्वराचा निसटता स्पर्श), खटका (झटकन घेतलेला स्वरांचा गुच्छ), आधीचा स्वर सोडायच्या आत पुढचा धरणं आणि भात्याचा दाब किंचित कमी-जास्त करणं. त्याहून महत्त्वाचे शब्द. गोविंदराव पटवर्धनांचं वादन ऐकलेले लोक सांगतात की त्यांच्या पेटीतून पदाचे शब्द ऐकू यायचे. यात चमत्कार नाही, शिस्त आहे. एकाच स्वरावर तीन अक्षरं असली तर स्वरपट्टी तीनदा दाबायची, जोडाक्षराला आघात द्यायचा, आकार लांबवायचा असेल तिथे बोट उचलायचं नाही. माझ्याकडे नवं गाणं आलं की मी आधी ते गाते, मग शब्दांखाली आघातांच्या खुणा करते आणि त्यानंतर पेटी उघडते. मोबाइलवर कुणाच्या बोटांकडे बघून गाणं उचलणाऱ्या मुलांना हा टप्पाच ठाऊक नसतो. त्यांचे स्वर बरोबर येतात आणि गाणं मुकं राहतं.

मग येतात गाण्यातले तुकडे, म्हणजे मुखडा-अंतऱ्याच्या मधलं आणि मागचं संगीत. हे बहुतेक वेळा अरेंजरचं काम असायचं. गोव्याचे सेबॅस्टियन डिसूझा शंकर-जयकिशन यांच्यासाठी हे करत. आपल्याकडे अनिल मोहिले यांनी ते मराठी आणि हिंदीतही केलं. गायिका लांब स्वरावर थांबली की व्हायोलिनं तिच्याखालून दुसरी सुरावट काढतात. ही दुसरी सुरावट टाकून दिली तर गाणं अर्धं होतं, असं माझं ठाम मत आहे. ती पेटीवर अशी येते: लांब स्वर करंगळीने धरून ठेवायचा, आणि उरलेल्या बोटांनी खालच्या अंगाला व्हायोलिनांची ओळ वाजवायची. बोटं पुरत नसतील तर ओळीतले फक्त वळणाचे स्वर घ्यायचे. जिथे मूळ तुकडाच अ‍ॅकॉर्डियनचा असतो तिथे काम सुखाचं. ‘आराधना’ (१९६९) मधल्या ‘रूप तेरा मस्ताना’त केर्सी लॉर्ड यांचं अ‍ॅकॉर्डियन आहे. भाता आणि रीड दोन्हीकडे असल्यामुळे ते तुकडे पेटीवर जवळजवळ जसेच्या तसे बसतात.

आता माझा जुना वाद, कॉर्डचा. पेटीवर सा-ग-प एकदम दाबले की ‘वा, अगदी ऑर्केस्ट्रा’ म्हणणारा एक वर्ग आहे, आणि ‘पेटी बाटवली’ म्हणणारा दुसरा. दोघांनीही नीट ऐकलेलं नसतं. पांढरी एकचा मधला सा सेकंदाला साधारण २६१.६ कंपनांचा. त्याच्याशी नैसर्गिक नात्याने जुळणारा शुद्ध गंधार येतो ३२७ वर. पेटीचा गंधार, सप्तकाचे बारा सारखे भाग केल्यामुळे, येतो ३२९.६ वर. फरक क्षुल्लक दिसतो. पण सा चा पाचवा उपस्वर आणि ग चा चौथा उपस्वर एकमेकांवर आपटतात आणि सेकंदाला सुमारे दहा ठोके उमटतात. हीच ती पेटीची करकर. पंचमाचं तसं नाही. सा-प एकत्र वाजवले तर ठोका सेकंदाला एकाच्याही आत राहतो, कानाला जवळपास स्वस्थ वाटतो. वरच्या सप्तकात गेलात की ठोके दुप्पट, खालच्या सप्तकात निम्मे, पण तिथे ते गढूळ ऐकू येतात.

म्हणून माझा नियम असा की कॉर्डमधला गंधार काढायचा, सा-प ठेवायचे आणि गंधार सुरावटीत येईल तेव्हा त्याला एकट्याला बोलू द्यायचं. मेजर की मायनर हे कान सुरावटीवरून ओळखतोच. सातव्या स्वराची कॉर्ड हवीच असेल, आणि राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यात ती वारंवार हवी असते, तर चारही स्वर एकदम न दाबता एकामागून एक उलगडायचे. ठोके तेव्हा फार जाणवत नाहीत. गंधाराचं दुखणं मुळातून बरं करणारे लोकही आहेत. ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम तयार केली आणि तिच्यात श्रुती बदलायची सोय केली. रागासाठी ती मोलाची आहे. सिनेमाच्या गाण्यासाठी मात्र मी साधी पेटीच घेते. ती गाणी रेकॉर्ड झाली तेव्हा पियानो, गिटार, अ‍ॅकॉर्डियन याच बारा सारख्या भागांत मिळवलेले होते. त्या संगीतापुढे पेटीला बेसूर ठरवणं हा अन्याय आहे.

हा अन्याय जुनाच आहे. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत चालली, आणि साथीला परवानगी मिळाल्यावरही एकलवादनाची दारं बराच काळ बंद राहिली. त्या काळातही घराघरांत, नाटकांत, भजनी मंडळांत पेटी वाजतच होती. पी. मधुकर यांच्यासारख्या वादकाने तिला एकलवादनाचा मान मिळवून दिला. त्यांचे शिष्य तुळशीदास बोरकर यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आम्हा पेटीवाल्यांना स्वतःचाच गौरव झाल्यासारखं वाटलं होतं.

गेमच्या संगीताबद्दल आता. काही वर्षांपूर्वी घाटकोपरचा एक विद्यार्थी टेट्रिसची धून घेऊन आला, तेव्हा मी ती मन लावून ऐकली आणि तिच्या प्रेमात पडले. ही धून म्हणजे ‘कोरोबेइनिकी’ हे रशियन लोकगीत. त्याचे शब्द निकोलाय नेक्रासोव्ह यांच्या १८६१ च्या कवितेतले. १९८९ मध्ये गेम बॉयसाठी ती हिरोकाझू तानाका यांनी बसवली. त्या यंत्रात एका वेळी चारच आवाज निघत, त्यातला एक नुसत्या खरखरीचा. म्हणजे त्यांच्यापुढेही काय सोडायचं हाच प्रश्न होता, आणि त्यांनी तो सोडवलेला होता. म्हणून गेमचं जुनं संगीत पेटीला सिनेमापेक्षा सोपं जातं. निवडीचं निम्मं काम आधीच झालेलं असतं.

पांढरी सहा सा धरला तर धून अशी सुरू होते: प, रे ग म, ग रे सा, सा ग प, म ग रे. गंधार कोमल. पुढच्या ओळीत म वरून कोमल धैवत, मग तार सा आणि कोमल निषादावरून उतरत प. म्हणजे सगळे स्वर आसावरी थाटातले. विद्यार्थ्याला हे सांगितलं तेव्हा त्याने पहिल्यांदा थाटाचं पुस्तक आपणहून उघडलं. खाली मी फक्त सा-प ठेवला. कोमल गंधाराची कॉर्डही शुद्ध गंधाराइतकीच करकरते, हे आता वाचकाच्या लक्षात आलं असेल.

पण गेमच्या धुनेला शेवट नसतो. खेळणारा हरेपर्यंत ती फिरत राहते. मैफलीत ती थांबवायची कशी? आम्ही तिहाई लावली. पाच मात्रांचा तुकडा, एक मात्रा विश्रांती, पुन्हा तुकडा, पुन्हा विश्रांती, पुन्हा तुकडा. बेरीज सतरा. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, उचललं तर आठ मात्रांच्या केरव्याची दोन आवर्तनं संपून तुकड्याची शेवटची मात्रा बरोबर पुढच्या समेवर पडते. तबलजी खूश, मुलगा खूश.

हीच रचना घेऊन तो पेटीच्या एका स्पर्धेला गेला, आणि ‘राग किंवा नाट्यपद नाही’ म्हणून त्याला वाजवूच दिलं नाही. नियम नियमाच्या जागी आहे, पण ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. नाट्यपद चालतं, सिनेमा आणि खेळ चालत नाही, याला आधार काय? नाट्यपद हे त्या काळचं लोकप्रिय संगीतच होतं. १९११ च्या ‘मानापमान’ला चाली दिल्या त्या गोविंदराव टेंबे यांनी, आणि त्यांनी उत्तरेकडच्या ठुमरी-दादऱ्यांचा रंग बिनदिक्कत रंगभूमीवर आणला. टेंबे स्वतः पेटीवादक, गायक भास्करबुवा बखल्यांच्या साथीला बसलेले. पुढे १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट आला, त्याचं संगीतही टेंब्यांचंच, आणि हरिश्चंद्राची भूमिकाही. मराठी बोलपटाचं पहिलं संगीत एका पेटीवाल्याने दिलं. तरी सिनेमाची चाल पेटीवर आली की ती पाहुणी ठरते, याचा मला खेद होतो आणि रागही येतो.

एक शंका मात्र मला छळते. प्रत्येक गाणं पेटीवर आणावं का? ज्या गाण्याचा जीव बासरीच्या फुंकरीत किंवा संतूरच्या विरत जाणाऱ्या नादात आहे, ते पेटीवर स्वरांनी पूर्ण येतं आणि तरीही येत नाही. पेटीचा स्वर विरत नाही, बोट उचललं की तुटतो. अशी गाणी मी बसवून देत नाही. लोक नाराज होतात, फी जाते, कधी विद्यार्थीही जातो. वयाबरोबर ही ‘नाही’ म्हणायची यादी वाढत चालली आहे. कानाची समज वाढली की नुसता थकवा वाढला, याचा निवाडा मला करता येत नाही.

स्पर्धा घेणाऱ्यांकडे आणि शिक्षकांकडे माझं एक मागणं आहे. बसवलेल्या रचनेसाठी वेगळा गट ठेवा. चाल कुठलीही असो, नाटकाची, सिनेमाची, खेळाची. वादकाकडून वाजवण्याआधी एक कागद मागा: मूळ संगीतातलं काय घेतलं, काय सोडलं, आणि का. परीक्षकांनी तो कागद हातात धरून ऐकावं आणि त्यालाही गुण द्यावेत. माझ्या वर्गात हा कागद सक्तीचा आहे. ज्याला तो लिहिता येत नाही, त्याच्या हातात मी पुढचं गाणं देत नाही.