खजाना बावडीवरून मोमिनाबादला

बीड सोडून सोलापूर रस्त्याला लागले की पाच-सहा किलोमीटरवर खजाना बावडी आहे. आमच्या शाळेची सहल इथे इतक्यांदा येते की आम्हा शिक्षकांना तिचे फारसे कौतुक उरलेले नाही. पण त्या शनिवारी गाडीत आमच्यासोबत एक सेंट्रिंग मिस्त्री होते. जन्म बीडचा, तरी बावडी त्यांनी कधी नीट पाहिली नव्हती. म्हणून गाडी थांबवली.

मिस्त्रींचा मुलगा आमचा विद्यार्थी. दहावीपर्यंत उर्दू माध्यम, मग अकरावी-बारावी विज्ञान, सीईटी, आणि आता अंबाजोगाईत इंजिनिअरिंगचे पहिले वर्ष. पहिल्या सत्राचा निकाल लागला तो दोन विषयांत बॅक घेऊन, गणित आणि ड्रॉइंग. मिस्त्रींनी मुलाला परत आणायचे ठरवले होते. "फीस का पैसा तो गया सर, लडका तो हाथ में रहे," असे ते म्हणत. आम्ही दोघा शिक्षकांनी एवढेच मागितले, की आधी जाऊन पाहू या, मग काय ते ठरवा.

बावडी सोळाव्या शतकातली, हिजरी 991 च्या सुमाराची. अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाच्या काळात बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधवली आणि काम राजा भास्कर नावाच्या कारागिराने केले. दक्षिणेकडून दोन भुयारी कालवे पाणी आणतात, उत्तरेकडून तिसरा ते शेताकडे नेतो. मोट नाही, मोटार नाही, पाणी केवळ उतारावर चालते. मिस्त्री पायऱ्यांवर बसून बराच वेळ त्या तिसऱ्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ढलान कैसे नापे होंगे?" आमच्याकडे उत्तर नव्हते. इतक्या सहलींत आमच्या एकाही मुलाने हा प्रश्न विचारलेला नाही, हेही खरे.

मांजरसुंबा, नेकनूर, केज करत दुपारी अंबाजोगाईला पोहोचलो. मराठीचे आद्यकवी मुकुंदराज यांची समाधी इथलीच, आणि निजामाच्या काळात याच गावाचे नाव मोमिनाबाद. आमच्या घरांतली म्हातारी माणसे अजून तेच नाव घेतात.

मुलगा हॉस्टेलच्या खोलीत होता. सोबत धारूरचा एक, पाटोद्याचा एक. वडिलांना बघून त्याचा चेहरा उतरला. सलाम झाला, पाणी झाले, मग कोणीच काही बोलेना. शेवटी पाटोद्याच्या मुलानेच सगळे सांगितले. याचा प्रवेश अखेरच्या फेरीत झाला. पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी सुरुवातीला तीन आठवडे ओळखीचा कार्यक्रम असतो, तो संपून वर्ग सुरू झाले होते. हा आला तेव्हा ड्रॉइंगच्या दोन शीट होऊन गेल्या होत्या. मग याने सगळ्या शीटची 'जीटी मारली'. म्हणजे काचेखाली बल्ब लावायचा, वर दुसऱ्याची शीट, तिच्यावर आपला कोरा कागद, आणि रेषा गिरवून घ्यायच्या. शीट तपासून मिळते, परीक्षेत मात्र काच नसते.

गणिताचे दुखणे वेगळे. मुसल्लस, जाविया, मुसावात हे शब्द त्याच्या तोंडात बसलेले. बारावीत इंग्रजी शब्द पाठ करून निभावले, इथे शिकवणारे एका तासात चार पाने पुढे जातात. त्याला गणित येत नाही असे आम्ही म्हणणार नाही, दहावीत आम्हीच त्याची वही तपासली आहे. त्याला प्रश्न कळायला वेळ लागतो, आणि न कळलेले विचारायला तो लाजतो. जुम्याची नमाज आणि प्रॅक्टिकल एकाच वेळी आले तेव्हाही हा दोन महिने गप्प बसला. धारूरच्या मुलाने जाऊन विचारले तर सर म्हणाले, जा आणि वेळेत परत या. एवढेच होते ते.

आम्हाला हैदराबाद आठवले. बीड 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. तिथल्या उस्मानिया विद्यापीठात 1929 साली इंजिनिअरिंग कॉलेज निघाले आणि शिक्षण उर्दूतून होते. पुस्तकांच्या भाषांतरासाठी वेगळे खाते होते, दारुल तर्जुमा. या जिल्ह्यातल्या मुलाला यंत्रे आणि पूल आपल्या भाषेत शिकता येत होते. तो रस्ता बंद झाला. 2021 पासून एआयसीटीईने मराठीसह काही भारतीय भाषांतून इंजिनिअरिंगला परवानगी दिली आणि पिंपरी-चिंचवडच्या एका कॉलेजात संगणक शाखा मराठीतून सुरूही झाली. चांगलेच आहे, पण या खोलीतल्या तिघांना परीक्षा इंग्रजीतूनच द्यायची आहे. मग निदान शेजारच्या खाटेवरच्या मुलाने आपल्या बोलीत समजावावे, यात कमीपणा कसला? आमच्या मते पहिले वर्ष निम्मे तिथेच पार पडते.

मिस्त्री इतका वेळ भिंतीला टेकवलेली शीट बघत होते. एकदम म्हणाले, "ये तो नक्शा है." एका आडव्या रेषेच्या वर ठोकळ्याचे समोरून दिसणारे रूप होते आणि खाली वरून दिसणारे. त्यांनी टेबलावरची काडेपेटी घेतली, डोळ्यांसमोर धरली, मग खाली ठेवून वाकून बघितली. "सामने से ये, ऊपर से ये. रेषा तुटक है मतलब चीज पीछे छुपी है. साइट पे रोज देखता हूँ, बेटा." मुलगा म्हणाला, "अब्बा, आपको आता है?" मिस्त्रींना ते जरा लागलेच. "पच्चीस साल से आता है. तू कभी पूछा?"

त्यानंतर बाप-लेक खाटेवर बसून तासभर काडेपेटी फिरवत होते. पाटोद्याचा मुलगाही त्यांच्यात शिरला, कारण त्याची शीटही बहुधा जीटीचीच. आम्ही बाहेर जाऊन चहा घेतला.

परतताना अंधार पडण्याआधी घाट उतरायचा होता, म्हणून घाई केली. मिस्त्रींनी शाळा-कॉलेजविषयी आम्हाला काही सांगितले नाही. मुलाला मात्र दोन गोष्टी बजावल्या. बॅकचे दोन्ही पेपर निघाले तर दुसरे वर्ष, नाहीतर घर. आणि उन्हाळ्याच्या सुटीत साइटवर यायचे, प्लॅन हातात धरून कॉलम मोजायला. पहिली अट आम्हाला कडक वाटली आणि गाडीत आम्ही तसे बोलूनही दाखवले. नेकनूरपर्यंत त्यावर वाद चालला. मिस्त्री शेवटी इतकेच म्हणाले, "पहले गणित का पेपर कब है, वो तो पूछके बताओ."