वर्तमानपत्राचा तास

घरी येणाऱ्या वर्तमानपत्राचे आयुष्य फार अल्प असते. सकाळी ते उंबरठ्यावर येऊन पडते, चहाबरोबर वडीलधारी मंडळी मथळ्यांवरून नजर फिरवतात, कोणी निधनवार्ता पाहतो, कोणी क्रिकेटचे पान उघडतो, आणि दुपारनंतर ते कपाटाच्या फळीवर अंथरण्यासाठी किंवा सुकी मासळी बांधण्यासाठी मोकळे होते. उरलेले महिनाअखेरीस रद्दीवाला किलोवर मोजून नेतो. अलीकडे तर कित्येक घरांत ते येईनासेच झाले आहे. बातमी आता मोबाइलवर येते, वाचण्याआधीच पुढे पाठवली जाते आणि विसरली जाते. अशा या अल्पायुषी कागदाला शाळेच्या वर्गात काही काम असू शकते काय, हा प्रश्न गेली काही वर्षे माझ्या मनात घोळत आहे. त्याचे जे काही उत्तर मुलांच्या सहवासात मला मिळाले, ते वाचकांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

तसे पाहिले तर मराठी वर्तमानपत्र आणि शिक्षण यांचे नाते जन्मापासूनचे आहे. बाळशास्त्री जांभेकर यांनी ‘दर्पण’चा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ रोजी काढला. आपल्याकडे परंपरेने तो तीन राजांच्या सणाचा दिवस. महाराष्ट्रात तो पत्रकार दिन म्हणूनही पाळला जातो. ‘दर्पण’च्या पानावर एका स्तंभात इंग्रजी मजकूर आणि शेजारच्या स्तंभात मराठी, अशी मांडणी असे. बाळशास्त्री पुढे एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकवू लागले आणि १८४० साली त्यांनी ‘दिग्दर्शन’ हे ज्ञानविषयक मासिक सुरू केले. मराठीतील पहिला संपादक हा असा हाडाचा शिक्षक होता. त्यामुळे वर्तमानपत्र वर्गात नेणे हे काही नवे धाडस नव्हे. ते आपल्या मूळ घरी परत नेण्यासारखेच आहे.

आमच्या धर्मग्रामाच्या शाळेत आठवीच्या वर्गाला शुक्रवारचा शेवटचा तास या कामासाठी मिळाला. मुख्याध्यापिका सिस्टरांनी प्रथम साहजिकच विचारले, “फादर, अभ्यासक्रम कधी पूर्ण व्हायचा?” मी म्हणालो, “सिस्टर, अभ्यासक्रमच वाचायचा आहे. फक्त पुस्तक रोज बदलणारे आहे.” खर्च काहीच नव्हता. ताज्या अंकाची गरज नसते. मागल्या आठवड्याचे अंक घरोघरून गोळा करता येतात. पाच-पाच, सहा-सहा मुलांचे गट करायचे आणि प्रत्येक गटाला एक बातमी द्यायची. फळ्यावर सहा रकाने : कोण, काय, कुठे, केव्हा, कसे आणि का. बातमीत जे सापडेल ते ज्या त्या रकान्यात लिहायचे.

पहिल्या महिन्यातच एक गोष्ट ध्यानात आली. ‘काय’, ‘कुठे’ आणि ‘केव्हा’ हे रकाने भराभर भरत. ‘का’ हा रकाना पुष्कळदा कोराच राही. परंतु सर्वांत गमतीचा निघाला तो ‘कोण’. मराठी वर्तमानपत्रांत एक वाक्यरचना फार लाडकी आहे : आदेश देण्यात आले, काम थांबविण्यात आले, निधी मंजूर करण्यात आला, झाडे तोडण्यात आली. आदेश आहे, झाडे आहेत, पण देणारा आणि तोडणारा कोठेच नाही. व्याकरणाच्या प्रश्नपत्रिकेत ‘प्रयोग ओळखा’ या प्रश्नाला एक-दोन गुण असतात आणि मुले ते घोकून मिळवतात. येथे मात्र त्याच प्रयोगाला निराळाच अर्थ आला. मी मुलांना लाल पेन्सिली दिल्या आणि सांगितले, जेथे जेथे ‘-ण्यात आले’ दिसेल तेथे खूण करा आणि शेजारी ‘कोणी?’ असे लिहा. तास संपताना एका मुलाने लाल झालेले पान उंच धरले आणि म्हटले, “फादर, यात सगळे होते, पण करत कोणीच नाही!”

याचा अर्थ बातमीदार लबाड असतो, असा मात्र कोणी घेऊ नये, हेही त्याच तासांत शिकवावे लागले. रात्री उशिरा बातमी लिहिणाऱ्याला करणारा कोण हे खरोखरच ठाऊक नसते. कधी गुन्हा सिद्ध व्हायचा असतो, म्हणून ‘आरोप आहे’ एवढेच लिहिणे न्यायाचे असते. अत्याचाराला बळी पडलेल्या स्त्रीचे किंवा बालकाचे नाव छापायचे नाही, असा कायदाच आहे. नाव कोठे लपवले आहे आणि कोठे जपले आहे, यातील भेद चौदा वर्षांच्या मुलांना समजू लागतो, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जी गंभीरता येते ती पाहण्यासारखी असते.

गणितालाही वर्तमानपत्र उपयोगी पडते. पावसाळ्यात रोज कुलाबा आणि सांताक्रूझ या दोन वेधशाळांचे आकडे छापून येतात. मिलिमीटर म्हणजे किती, हे मुलांना पट्टीवर माहीत असते, आकाशात नसते. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते, एवढे सूत्र सांगितले की पुढचे सारे ती स्वतः करतात. २६ जुलै २००५ रोजी सुरू झालेल्या पावसात सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाण्याची नोंद झाली. त्याच वेळी कुलाब्याला मात्र पंचाहत्तर मिलिमीटरही पाऊस झाला नव्हता. ही मुले तेव्हा जन्मलीही नव्हती. त्यांनी शाळेचे मैदान दोरीने मोजले, ते चाळीस मीटर लांब आणि पंचवीस मीटर रुंद भरले. हिशेब केला : नऊ लाख चव्वेचाळीस हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे चौऱ्याण्णव टँकर. आमच्या भागात टँकर ही फार ओळखीची वस्तू! एक मुलगी म्हणाली, “मग हे पाणी उन्हाळ्यात कुठे जाते?” तो प्रश्न भूगोलाच्या बाईंकडे गेला आणि पुढले दोन तास विहिरी, बावखले आणि बुजविलेले नाले यांवर खर्च झाले.

तथापि या तासाचे खरे मोल मला भाषेच्या बाबतीत जाणवले. आमच्या वर्गातील पुष्कळ मुले घरी सामवेदी किंवा वाडवळी बोलतात. कोणाच्या घरी वारली, कोणाच्या घरी भोजपुरी. छापील मराठी ही त्यांच्यापैकी फार थोड्यांची घरची भाषा आहे. ‘स्थगिती’, ‘जामीन’, ‘तरतूद’, ‘पंचनामा’ हे शब्द त्यांनी ऐकलेले असतात, पण त्यांचा अर्थ विचारण्याची सोय कोठेच नसते. ‘निविदा’ हे एखाद्या मुलीचे नाव असावे, असे एका विद्यार्थिनीला प्रामाणिकपणे वाटत होते! वर्ग हसला, परंतु निविदेचा अर्थ हसणाऱ्यांपैकी कोणालाच सांगता आला नाही. ज्यांच्या गावातील रस्ता, पाणी आणि जमीन यांविषयी या शब्दांनी निर्णय होतात, त्यांनाच ते शब्द परके असावेत, ही साधी गोष्ट नाही.

येथे मला इटलीतील एका धर्मगुरूची आठवण केल्यावाचून राहवत नाही. डॉन लोरेन्झो मिलानी हे फ्लॉरेन्सच्या एका सधन, सुशिक्षित घराण्यातले. डिसेंबर १९५४ मध्ये त्यांची नेमणूक तस्कनीच्या डोंगरातील बार्बियाना नावाच्या लहानशा धर्मग्रामात झाली. नीट रस्ता नाही, वीज नाही, विखुरलेली शेतकऱ्यांची घरे, आणि सरकारी शाळेने नापास करून घरी पाठवलेली मुले. मिलानींनी धर्मगुरूच्या निवासातच शाळा उघडली. ती दिवसभर चाले आणि तिला सुट्टी नसे. तेथे रोज वर्तमानपत्र मोठ्याने वाचले जाई. अडलेला एकही शब्द सोडून पुढे जायचे नाही, मग अर्धा दिवस एका बातमीवर गेला तरी चालेल. गरीब आणि श्रीमंत यांच्यातील खरे अंतर शब्दांचे आहे, आणि दुसऱ्याचे बोलणे समजणे व आपले म्हणणे मांडता येणे यानेच माणसे समान होतात, अशी त्यांची धारणा होती. सेमिनरीत असताना आमच्या एका प्राध्यापकांनी त्यांच्याविषयी प्रथम सांगितले, तेव्हापासून हे नाव माझ्या मनात आहे.

फेब्रुवारी १९६५ मध्ये वर्तमानपत्रातले एक कात्रण त्या वर्गात आले. सदसद्विवेकबुद्धीला स्मरून लष्करी सेवा नाकारणारे तरुण भेकड होत, असे काही निवृत्त लष्करी धर्मगुरूंचे निवेदन त्यात होते. गुरू-शिष्यांनी मिळून आपल्या देशाच्या गेल्या शंभर वर्षांतील युद्धांचा अभ्यास केला आणि मिलानींनी जाहीर उत्तर लिहिले. त्याबद्दल त्यांच्यावर खटला झाला. असाध्य आजारामुळे त्यांना न्यायालयात जाता आले नाही. त्यांनी न्यायाधीशांना पत्र पाठवून शिक्षकाचे कर्तव्य काय, हे समजावून सांगितले. फेब्रुवारी १९६६ मध्ये त्यांना निर्दोष ठरविले गेले. २६ जून १९६७ रोजी, वयाच्या अवघ्या ४४व्या वर्षी, ते निवर्तले. त्याच वर्षी त्यांच्या विद्यार्थ्यांनी एकत्र बसून लिहिलेले ‘एका शिक्षिकेला पत्र’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. १९७२ साली इटलीत लष्करी सेवा नाकारण्याचा हक्क कायद्याने मान्य झाला आणि २० जून २०१७ रोजी पोप फ्रान्सिस यांनी बार्बियानाला जाऊन त्या थडग्यापाशी प्रार्थना केली.

बार्बियाना कोठे आणि आमचा आठवीचा वर्ग कोठे! परंतु एका शुक्रवारी आमच्याही वर्गात एक बातमी अशी आली की ती तासात मावली नाही. आतल्या पानावर चारच ओळी होत्या. एका गृहसंकुलाची मैलाटाकी साफ करताना गुदमरून दोन कामगार मरण पावले. त्यांची नावे नव्हती. ‘गुन्हा दाखल करण्यात आला आहे’, हे शेवटचे वाक्य. मुलांनी सवयीने लाल खूण केली. ‘त्यांना आत कोणी उतरवले?’ असे एकाने फळ्यावर लिहिले. तेव्हा शेवटच्या बाकावरचा, एरवी क्वचितच बोलणारा एक मुलगा उभा राहिला. “माझे बाबा उतरतात,” तो म्हणाला. “कमरेला दोरी असते.” एवढे बोलून तो खाली बसला. त्या तासाला पुढे कोणी फारसे बोलले नाही. हे मी त्याच्या वडिलांच्या संमतीने लिहीत आहे.

पुढल्या शुक्रवारी मुलांनी कायदा शोधून आणला. २०१३च्या कायद्याने सुरक्षा-साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा मैलाटाकीत उतरवण्यास बंदी आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. अशा मृत्यूबद्दल कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख झाली. मग मुलांनी संपादकांना पत्र लिहावयाचे ठरवले. बार्बियानाचीच रीत आम्ही वापरली : प्रत्येकाने एका चिठ्ठीवर एकच विचार लिहायचा, साऱ्या चिठ्ठ्या टेबलावर मांडायच्या, सारख्या विचारांचे गठ्ठे करायचे, आणि नको ते शब्द गाळत जायचे. अडतीस चिठ्ठ्यांचे एक पानभर पत्र झाले. त्यात ‘-ण्यात आले’ एकदाही नव्हते.

पत्र छापून आले नाही. तेव्हा आम्ही ते चर्चच्या सूचनाफलकावर लावले. रविवारच्या मिस्सानंतर लोक थांबून वाचू लागले. दोन-तीन सोसायट्यांचे पदाधिकारी ‘फादर, खरेच असा कायदा आहे का?’ म्हणून विचारून गेले आणि त्यांपैकी एकाने यंदा टाकी उपसणारी यंत्राची गाडी मागवली. त्याच आठवड्यात त्या मुलाचे वडील निवासावर आले. “पोरांनी चांगले लिहिले आहे, फादर,” ते शांतपणे म्हणाले, “पण गाडी आली तर माझे काम जाईल.” याचे सोपे उत्तर माझ्यापाशी नव्हते. मी त्यांना विचारून हे बोलणे वर्गात नेले. मुलांनी कायदा पुन्हा उघडला आणि त्याच्या शीर्षकातच ‘पुनर्वसन’ हा शब्द असल्याचे त्यांना प्रथमच दिसले. फलकावरील पत्राच्या शेवटी त्यांनी एक ओळ वाढवली : काम थांबवणाऱ्याने दुसरे काम दिले पाहिजे. त्या ओळीने अद्याप कोणालाही काम मिळालेले नाही. मुलाचे वडील आजही मिळेल ती मजुरी करतात. मात्र सुरक्षा-साधनांवाचून टाकीत उतरायला नकार देतात आणि कारण विचारले तर कायद्याचे नाव आणि वर्ष सांगतात.

काही पालकांची तक्रार असते की वर्तमानपत्रांत खून, लाच आणि राजकारण यांवाचून असते काय; कोवळ्या मनांना ते कशाला? त्यांची काळजी मला समजते. परंतु तीच मुले तेच सारे मोबाइलवर एकट्याने पाहत असतात, आणि तेथे शेजारी बसून अर्थ सांगणारे कोणी नसते. वर्गात निदान बाई असतात, फळा असतो आणि ‘हे कोण म्हणतो? त्याला कसे कळले?’ असे विचारणारे अडतीस सोबती असतात. पाठवलेला संदेश खरा की खोटा, हे ओळखण्याचा दुसरा राजमार्ग मला ठाऊक नाही. गुणांचे म्हणाल, तर मराठीच्या बाई सांगतात की या वर्गाचे निबंध आता ‘माझा आवडता ऋतू’ याच्या पुढे गेले आहेत.

ज्या घरांत अजून वर्तमानपत्र येते, तेथे एवढे तरी सहज करता येईल. रात्रीच्या रोझरीनंतर दहा मिनिटे टीव्ही बंद ठेवावा आणि घरातील सर्वांत लहान मुलाला एक बातमी मोठ्याने वाचू द्यावी. तो अडखळेल तेथे थांबावे. त्याने विचारलेल्या शब्दाचा अर्थ आजी-आजोबांना येत नसेल, तर तसे मोकळेपणाने सांगून शब्दकोश काढावा. आणि बातमीत काही ‘करण्यात आले’ असेल, तर ते कोणी केले, हे त्याला विचारू द्यावे.